हजेरीपटावरची जोडी

स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी या दोन नटांना मराठी माणूस जाड्या-रड्या म्हणतो. हे नाव ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारलं, त्याची नजर फार चांगली असली पाहिजे. जाड्या म्हटल्यावर त्याच्या जोडीला हडकुळ्या किंवा काडीपैलवान असं काहीतरी सहज आलं असतं. अनेक भाषांत या दोघांची ओळख जाडा आणि बारीक अशीच आहे. पण मराठीने दुसऱ्याला त्याच्या अंगकाठीवरून नाव दिलं नाही, त्याच्या वागण्यावरून दिलं. लॉरेल रडतो. डोळे मिचकावतो, ओठ खाली ओढतो, टाळूवरचे केस मुठीत धरतो आणि चूक कुणाचीही असो, मुसमुसायला लागतो. तो रडला की जाड्या आणखी चिडतो, आणि जाड्या चिडला की हा आणखी रडतो. नावातच त्या दोघांमधला व्यवहार आला. मला या नावाचा आधार घेऊन एक गोष्ट मांडायची आहे. पडझडीच्या, धक्काबुक्कीच्या विनोदातली जोडी दोन शरीरांच्या विसंगतीतून जन्माला येत नाही. ती रोज एका ठिकाणी, एका पगारावर, एकमेकांसोबत काम करावं लागल्यामुळे घडते. आणि हे मान्य केलं, तर दादरच्या एका स्टुडिओत घडलेल्या आणि आज जवळजवळ विसरल्या गेलेल्या एका जोडीकडे आपल्याला वेगळ्या नजरेने पाहावं लागेल.

आधी मूळ जोडीचाच पुरावा तपासू. लॉरेल इंग्लंडातला. फ्रेड कार्नोच्या नाटकमंडळीतून 1910 मध्ये तो अमेरिकेला गेला, त्याच मंडळीत चार्ली चॅप्लिनही होता. हार्डी अमेरिकेतल्या जॉर्जियाचा; 1914 पासून तो छोट्या चित्रपटांत मिळेल ते काम करत होता. दोघे एका चित्रपटात पहिल्यांदा दिसले ते 1921 च्या ‘द लकी डॉग’मध्ये. अंगकाठीची विसंगती तेव्हाही होतीच. एक जाडा, एक बारीक, दोघे एका चौकटीत. तरी जोडी जमली नाही. कुणाला ती दिसलीही नाही. पुढे दोघेही हॅल रोचच्या स्टुडिओत वेगवेगळे नोकरीला लागले, तिथल्या ठरलेल्या नटसंचात वारंवार समोरासमोर येऊ लागले, आणि 1927 मध्ये दिग्दर्शक लिओ मॅकेरीच्या लक्षात आलं की हे दोघे एकमेकांकडे पाहतात तेव्हा काहीतरी होतं. तोवर हार्डीने पस्तिशी गाठली होती आणि त्याच्या नावावर दोनशेहून अधिक चित्रपट होते. त्यानंतर 32 मूक आणि 40 बोलके लघुपट त्यांनी केले. विशेष म्हणजे रोचने दोघांशी एकत्र करार कधी केला नाही. दोन स्वतंत्र करार, संपण्याच्या तारखा वेगळ्या, म्हणजे दोघांनी मिळून मालकाशी घासाघीस करू नये. कागदावर ती जोडी नव्हतीच. ती होती फक्त कामात.

आणि काम सुटलं तेव्हा काय झालं, हेही नोंदलेलं आहे. 1940 मध्ये त्यांनी रोचचा स्टुडिओ सोडला. 1941 ते 1945 या काळात दोन बड्या कंपन्यांसाठी त्यांनी आठ चित्रपट केले. नट तेच, टोप्या त्याच, रडणं तेच. पण रोचकडे लॉरेल गमती रचायला बसत असे, संकलनात लक्ष घालत असे, आणि चित्रीकरण शक्यतो गोष्टीच्या क्रमाने होई, म्हणजे एका प्रसंगात सुचलेली गंमत पुढच्या प्रसंगात वाढवता येई. नव्या ठिकाणी यातलं काही उरलं नाही. लिहिलेलं बोलायचं आणि घरी जायचं. ते आठ चित्रपट त्यांच्या चाहत्यांनाही जड जातात. वय वाढलं होतं हे खरं, पण नुसत्या वयाने एवढी पडझड होत नाही. कारखाना बदलला होता.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते ‘द म्युझिक बॉक्स’ या 1932 च्या लघुपटात फार जवळून पाहायला मिळतं. लघुपटांतल्या विनोदी गटाचं ऑस्कर पहिल्यांदा दिलं गेलं ते यालाच. गोष्ट एवढीच की खोक्यात बांधलेला एक पियानो डोंगरावरच्या घरी पोचवायचा आहे आणि वाटेत भला लांब जिना आहे. पियानो वर जातो, सुटतो, घरंगळत खाली येतो. पुन्हा वर जातो. अखेर तो माथ्यावर पोचतो, तेव्हा पोस्टमन सांगतो की मागून गाडीरस्ता होता. दोघे एकमेकांकडे पाहतात, पियानो मुकाट्याने जिन्यावरून परत खाली नेतात, गाडीत चढवतात आणि रस्त्याने वर आणतात. गिरगावातल्या चाळीच्या लाकडी जिन्यावरून लोखंडी कपाट वर चढताना ज्याने पाहिलं आहे, त्याला या प्रसंगाची बांधणी लगेच कळेल. वरचा मागे पाहू शकत नाही, खालच्याला पुढचं दिसत नाही. वळणावर ‘जरा घ्या’, ‘टेका’, ‘हं, सोडा’ एवढंच बोललं जातं आणि खालच्याच्या खांद्यावर किती वजन आलं, ते वरच्याला कपाटाच्या कलण्यावरून समजतं. रोजचे दोन हमाल हे न बोलता करतात. नवखे दोघे बोटं चेंगरून घेतात. लॉरेल आणि हार्डी यांनी चेंगरलेली बोटं दाखवली, पण ती दाखवायला त्यांना त्या मुरलेल्या हमालांचं कसब लागलं. रंगमंचावरच्या थपडेचंही असंच. मारणाऱ्याचा हात गालापाशी थांबतो, मान झटकतो तो खाणारा, आणि आवाजाची टाळी बहुतेक वेळा तोच आपल्या अंगाआड वाजवतो. थप्पड मारणाऱ्यापेक्षा खाणाऱ्याची कामगिरी मोठी असते. हा विश्वास एका दिवसात येत नाही.

आता दादरला येऊ. स्टेशनच्या पूर्वेचा जो दादासाहेब फाळके मार्ग, तो पूर्वी दादर मेन रोड होता. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ याच रस्त्यावरच्या बंगल्यात उभा केला. 1929 मध्ये चंदुलाल शाह आणि अभिनेत्री गोहर यांनी याच रस्त्यावर रणजित फिल्म कंपनी काढली. बोलपट आल्यावर तिची रणजित मूव्हिटोन झाली. तिशीच्या दशकात तिथे चार फ्लोअर होते, तीनशेच्या आसपास माणसं पगारावर होती आणि वर्षाला सहाएक चित्रपट बाहेर पडत. नट, सुतार, रंगारी, शिंपी, वादक सगळे महिन्याच्या पगाराचे. पलीकडे परळ-लालबागला भोंग्याच्या ठोक्यावर गिरण्या चालत होत्या, आणि इकडे सिनेमाची ही गिरणी चालत होती. तुलना मी शोभेसाठी करत नाही. गिरणीत कायम कामगार आणि बदली कामगार हा भेद फार मोठा असे. बदलीवाला सकाळी फाटकाशी उभा राही, कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरतं काम मिळे, आज या साच्यावर तर उद्या त्या. तो कुशल असला तरी शेजारच्या माणसाची चाल त्याच्या अंगात भिनायला सवड नसे. कायम माणसाला ती सवड असे. रणजितने नटांना कायम केलं होतं.

त्या पगारपत्रकावर दोन नावं होती: मनोहर जनार्दन दीक्षित आणि घोरी. दीक्षित अंगाने भरलेले, मराठी, मूकपटांतून आलेले. घोरी मुंबईचेच, किरकोळ बांध्याचे. 1932 मध्ये जयंत देसाईंच्या ‘चार चक्रम’मध्ये हे दोघे जोडीने आले आणि लोकांनी त्यांना उचलून धरलं. त्याच वर्षी ‘भूतियो महल’, पुढे 1934 मध्ये ‘तूफान मेल’, आणि चाळिशीच्या दशकापर्यंत रणजितच्या चित्रपटामागून चित्रपटांत ही नावं शेजारी शेजारी येत राहिली. लघुपट काढून विकण्याची अमेरिकेसारखी बाजारपेठ इथे नव्हती, म्हणून त्यांची जोडी पूर्ण लांबीच्या चित्रपटांत वावरली. गोहरबाईंची करुण कथा चालू असताना मध्येच हे दोघे येत आणि आपला प्रवेश करून जात. एका अर्थाने मोठ्या चित्रपटाच्या पोटात त्यांचे लघुपटच चालू असत. वृत्तपत्रांनी त्यांना ‘भारताचे लॉरेल-हार्डी’ म्हटलं आणि तेच बिरुद त्यांना चिकटलं. माझं गाऱ्हाणं या बिरुदाशी आहे. त्यात कौतुक असलं तरी ते दोघांना कायमचं नकलाकारांच्या रांगेत बसवतं.

नक्कल होतीच, असं कुणी म्हणेल, आणि ते सरळ नाकारता येणार नाही. 1932 साली मुंबईत लॉरेल-हार्डीचे चित्रपट माहीत असलेला निर्माता एका जाड्या आणि एका बारक्या नटाला शेजारी उभं करतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय असेल हे उघड आहे. त्याच स्टुडिओत नूर मोहंमद ‘चार्ली’ या नावानेच पडद्यावर येत होते. बाहेरचा साचा उघडपणे घेण्यात तेव्हा कुणाला कमीपणा वाटत नसे. पण साचा घेणं आणि जोडी घेणं यांत फरक आहे. मिशी, टोपी, पोट एवढं उचलता येतं. ‘आता हा वळणार’ हे पाठमोरं असतानाही ओळखण्याची सवय उचलून आणता येत नाही; ती इथेच, या फ्लोअरवर, तालमीत आणि रीटेकमध्ये तयार करावी लागते. शिवाय दोघांनी मिळून हसवणं या शहराला नवं नव्हतं. तमाशाच्या वगात सरदार आणि सोंगाड्या आहेत: सरदार गंभीरपणे प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या त्या प्रश्नाचा पाय ओढतो. गवळणीत पेंद्या आणि मावशी आहेत. संस्कृत नाटकातला राजा विदूषकाशिवाय फिरत नाही. 3 मे 1913 रोजी गिरगावात सँडहर्स्ट रोडच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा जाहिरातीत त्याच्या जोडीने मॅक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश होता, पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू होता. पुढच्याच वर्षी फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’सोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपट दाखवला. पौराणिक कथेच्या शेजारी हसण्याचा तुकडा ठेवायचा, ही मांडणी दीक्षित-घोरींच्या वीस वर्षं आधी गिरगावात रुजली होती. त्यांनी हॉलिवूडकडून चेहरे घेतले असतील. बसायला जागा इथलीच मिळाली.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. रणजितचे बहुतेक चित्रपट आज उपलब्ध नाहीत. मूकपटांच्या काळात देशात तेराशेहून अधिक चित्रपट झाले, त्यांतले तीसही धड उरले नाहीत. सुरुवातीच्या बोलपटांचं नशीब थोडं बरं, इतकंच. फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये निघालं, तोवर जे जायचं ते गेलं होतं. मग न पाहिलेल्या विनोदाची तरफदारी कशाच्या जोरावर करायची? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून मी दीक्षित-घोरींचा विनोद श्रेष्ठ होता असा दावा करतच नाही. मी म्हणतो ते इतकंच, की जे हाती आहे त्यावरून त्यांना नक्कल ठरवण्याचाही अधिकार आपल्याला नाही. जे हाती आहे ते असं: एकाच कंपनीत, अनेक वर्षं, अनेक चित्रपटांत, दोघांनी एकत्र काम केलं आणि तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाने त्यांना दहा वर्षांहून अधिक काळ टिकवलं. निव्वळ नकलेवर प्रेक्षक एक-दोन चित्रपट हसतो. खरे लॉरेल-हार्डी त्याच शहरात, त्याच वर्षांत पाहायला मिळत असताना नक्कल इतकी वर्षं कोण पाहील?

तिसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात आधीच आला असेल. आपली सर्वांत लाडकी जोडी, चिमणराव आणि गुंड्याभाऊ, कुठल्या स्टुडिओत घडली? ती चिं. वि. जोशींच्या लेखणीतून, बडोद्यातल्या एका पाली भाषेच्या अभ्यासकाच्या टेबलावर जन्मली. म्हणजे जोडी लेखक घडवतो, पगारपत्रक नाही. हे मला अर्धं मान्य आहे. कागदावरची जोडी लेखकाचीच. पण पुस्तकातलं सगळं चिमणरावाच्या तोंडून येतं. गुंड्याभाऊचं बळ, त्याचा संताप आपल्याला चिमणरावाच्या वाक्यांतून कळतो; हसवतं ते वाक्य. 1940 मध्ये मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ केला तेव्हा ही सोय राहिली नाही, तिथे दोन देह हवे होते. चिमणराव झाले दामूअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. दामूअण्णा आले होते नाटकमंडळीतून. दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीत, गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधल्या कामण्णाने त्यांचं नाव गाजवलेलं. नाटकमंडळी ही तर स्टुडिओच्याही आधीची गिरणी: बिऱ्हाड एकत्र, पंगत एकत्र, प्रवास एकत्र आणि गावोगाव प्रयोग. तिथे मुरलेला माणूस नुसत्या तिरक्या नजरेने समोरच्याला वाक्याची जागा करून देतो. 1942 मध्ये ‘सरकारी पाहुणे’साठी विनायकांनी याच दोघांना पुन्हा घेतलं. पुढे सत्तरीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ उभे केले आणि एक पिढी त्यांनाच खरे मानू लागली. आधीची जोडी लोकांना माहीत होती, पुस्तक तर होतंच. तरी नव्या दोघांना आपली चाल नव्याने बसवावी लागली, आणि मालिकेमुळे, म्हणजे भागामागून भाग समोरासमोर येण्यामुळे, ती बसली. लेखक एकच, जोड्या दोन. त्या दोन कशा झाल्या, याचं उत्तर लेखणीत सापडत नाही.

इथे आपल्या आवडीनिवडीबद्दलही थोडं बोलायला हवं. मराठी समीक्षेने विनोदाला मान दिला तो शब्दाच्या विनोदाला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि., अत्रे, पु. ल. ही परंपरा थोर आहे आणि मला ती प्रिय आहे. पण तिच्या उजेडात अंगाने केलेला विनोद ‘अंगविक्षेप’ या एका शब्दात निकालात निघाला. शिवाय आपण एकट्याच्या करामतीवर भाळतो. ‘बटाट्याची चाळ’मधली गिरगावी गर्दी पु. लं.नी एकट्याने रंगमंचावर उभी केली, ते अलौकिकच होतं. ‘एकपात्री’ हा शब्द घरोघरी रुळला, पण दोघांनी मिळून हसवण्याच्या कलेला आपल्याकडे रुळलेला शब्दच नाही. ‘जुगलबंदी’ म्हणतो, ती गाण्याकडून उसनी घेतलेली, आणि तिच्यात चढाओढ आहे. जोडीच्या विनोदात चढाओढ नसते. तिथे एकाने पडायचं असतं आणि दुसऱ्याने त्याचं पडणं लोकांना दिसेल इतका वेळ थांबायचं असतं. थांबणाऱ्याला टाळी मिळत नाही. ज्या कलेला नाव नाही, तिच्यात वर्षं घालवलेल्यांची आठवण कुठल्या खणात ठेवायची, हा आपला प्रश्न आहे. दीक्षित-घोरी हरवले त्याला नायट्रेटइतकंच हे नाव नसणंही जबाबदार आहे.

शेवटचा आक्षेप अलीकडचा. स्टुडिओ गेले, पगारी नट गेले, तरी अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे झालेच ना? झाले, आणि दोघेही दक्षिण मुंबईतलेच. सराफ चिखलवाडीत वाढले, बेर्डे गिरगावात, आणि बेर्डे तर गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते. पण ते कसे झाले ते पाहा. 1985 चा ‘धूमधडाका’, 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’, 1989 चा ‘भुताचा भाऊ’: महेश कोठारे, सचिन, सराफ, बेर्डे ही माणसं चारपाच वर्षं आळीपाळीने एकमेकांच्या चित्रपटांत येत राहिली. स्टुडिओ नव्हता, तर त्यांनी आपसांत एक मंडळी उभी केली. ‘बनवाबनवी’त बेर्डे पार्वती होऊन लुगड्यात वावरतात आणि सराफांचा धनंजय माने तोंडावरची रेघ न हलवता सगळं निभावून नेतो, सराफ जितके स्थिर, तितकी पार्वती पडद्यावर मोठी होते. तो चित्रपट वसंत सबनीसांनी लिहिला. ‘विच्छा माझी पुरी करा’ हा वगही त्यांचाच, ज्यात दादा कोंडके आणि राम नगरकर प्रयोगामागून प्रयोग समोरासमोर उभे राहिले. जिथे जिथे जोडी दिसते तिथे खरवडून पाहिलं की खाली मंडळी सापडते. या आक्षेपाने माझं म्हणणं मला बळकटच झालेलं दिसतं.

स्वभाव जुळावे लागतात, हे मी नाकारत नाही. हार्डी 1957 मध्ये गेला आणि त्यानंतर लॉरेलने पुन्हा कधी अभिनय केला नाही, पण दोघांसाठी प्रवेश लिहिणं त्याने सोडलं नाही. यात माया आहेच. मात्र ती माया 1921 मध्ये नव्हती. तीस वर्षांच्या कामाने ती लावली.

दादरच्या जोडीला तेवढी वर्षं मिळाली नाहीत. युद्धाच्या काळात बाजारात पैसा आला, नट चित्रपटागणिक रकमेवर काम करू लागले आणि मासिक पगाराचे स्टुडिओ एकेक करून थकले. चंदुलाल शाहांची सट्ट्यातली हानी रणजितला वेगळी भोवली. फाळणीनंतर घोरी पाकिस्तानात गेले. दीक्षित 1949 मध्ये वारले, पंचेचाळिशीही न गाठता. रणजितचे फ्लोअर मात्र पुढे कितीतरी वर्षं चालू होते. दिवसाच्या भाड्याने ते इतर निर्मात्यांना मिळत. नट आपापल्या शिफ्टपुरते येत, आपापले प्रवेश करत आणि संध्याकाळी वेगवेगळ्या गाड्यांतून निघून जात.